कोऱ्या चौकटीचे साहेब

चौकटराव पाणी प्यायचे तेसुद्धा टप्प्याटप्प्याने. ग्लास उचलायचा, तो भरलेला आहे याची खात्री करायची, बसायचं, प्यायचं आणि मग समाधानाने म्हणायचं, "झालं." हे "झालं" नेमकं कोणाला कळवायचं असतं, ते त्यांच्या बायकोला लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलं नव्हतं. सुरुवातीला ती "बरं" म्हणायची. पुढे तेही सोडलं.

आईबापांनी त्यांना चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते आता पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते चौकटराव. लाँड्र्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत ते कामाला होते. कोणाचा शर्ट, कोणत्या हॉटेलची चादर, कधी आली, कधी द्यायची, हे सगळं ते सॉफ्टवेअर लक्षात ठेवायचं. आणि ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणारं पुस्तक, म्हणजे मॅन्युअल, काढणारा एक विभाग होता. चौकटराव त्याचे प्रमुख. विभाग म्हणजे ते स्वतः, एक बाई आणि एक प्रिंटर. त्यातला प्रिंटर त्यांचं ऐकायचा नाही आणि बाई नुसतं ऐकून घ्यायच्या.

मॅन्युअलात काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते प्रोग्रामर सांगत, बाई लिहून काढत. ते कसं दिसावं, हा साहेबांचा प्रांत. त्यासाठी त्यांनी एक नियमावली रचली होती, आणि ती मूळ मॅन्युअलपेक्षा जाड होती. बटणाचं नाव ठळक. मेनूचं नाव अवतरणात. क्रमाने करायच्या गोष्टींना आकडे, क्रम नसलेल्यांना ठिपके. ठिपके गोल असावेत की चौकोनी यावर अख्खा आठवडा खल झाला आणि गोल जिंकले. पुढे एकदा कुठल्याशा पानावर एक चौकोनी ठिपका सापडला, तर साहेबांचा चेहरा असा झाला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हळूच विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

पण खरा जीव चौकटीत. वाचणाऱ्याला सावध करायचं ते चौकटीत घालायचं, आणि चौकटींच्या जाती चार: टीप, सूचना, खबरदारी आणि इशारा. टिपेची रेघ केसाएवढी, सूचनेची त्याहून जाड, खबरदारीची आणखी जाड आणि इशाऱ्याची सगळ्यांत जाड. हा फरक जगात एकट्या चौकटरावांना दिसायचा. प्रिंटरची शाई संपत आली की त्यांनाही दिसायचा नाही, पण तसं ते कबूल करत नसत.

बोलायचेही ते छापल्यासारखे. जेवायला बसले की सुरू. "मुद्दा एक, मीठ कमी आहे. उपमुद्दा अ, कालही कमीच होतं. टीप: ही तक्रार नाही, नोंद आहे."

बायको म्हणायची, "मग चौकट आखा आणि तिच्यात बसून जेवा."

हाताखालच्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलेलं एक प्रकरण साहेबांनी दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं, परत दिलं होतं. वर सुनावलं होतं की लिहिता येणं वेगळं आणि मांडता येणं वेगळं, बाई. त्या दिवसापासून मास्तरीणबाईंच्या तोंडी एकच वाक्य बसलं, "तुम्ही म्हणाल तसं, सर." ते त्या इतक्या गोड म्हणायच्या की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. साहेबांना मात्र वाटायचं, बाईंना आपली किंमत कळली.

नियमावलीतला साहेबांचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत लाडका नियम लाल रंगाचा. त्याचं असं झालं होतं की मॅन्युअल लिहिताना प्रोग्रामर मध्येच आपले शेरे टाकायचे. एकदा त्यातला एक शेरा तसाच छापून गेला. गावोगावच्या लाँड्र्यांत पुस्तक पोचलं आणि त्यात बिलाच्या प्रकरणात लिहिलेलं, "इथे काय होतं कोण जाणे, जाड्याला विचार." कित्येक लाँड्रीवाल्यांनी फोन करून जाड्याची चौकशी केली. त्यावर साहेबांनी नियम केला: आतला शेरा लालच अक्षरांत लिहायचा, आणि छपाईला देण्याआधी एक कळ दाबून फाइलीतलं सगळं लाल पुसून टाकायचं. नियम चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. आंधळ्याच्या गाईलाही कधी कधी देव राखतो.

नंतर मॅडम आल्या. म्हणजे कंपनी त्यांचीच होती, पण इतके दिवस त्या वडलांच्या केबिनच्या बाहेर बसायच्या, आता आत बसू लागल्या. त्यांना दर वाक्यागणिक "कळतंय ना?" विचारायची सवय होती आणि समोरच्याला कळलंय यावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघणार होती. मॅडमनी साहेबांना आत बोलावलं.

"मला पुस्तक देखणं नकोय, मला फोन कमी हवेत. कळतंय ना? पुस्तक असताना लोक हेल्पलाइनला फोन का करतात? नव्या आवृत्तीनंतर तीन महिने देते. फोन निम्म्यावर आले, तर विभाग राहील आणि खुर्ची कायमची तुमची. नाही आले, तर विभाग बंद आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. कळतंय ना?"

साहेबांना कळलं.

पलीकडची खोली म्हणजे हेल्पलाइनची. भिंतीला चिकटून ओळीने टेबलं, टेबलांवर फोन, फोनपाशी मुली. तिकडून सतत कुणीतरी ओरडत असायचं आणि इकडून या मुली "हो काका, नाही काका, आधी बंद करा, मग चालू करा" असं म्हणत असायच्या. चौकटराव त्या खोलीवरून जाताना श्वास रोखून जायचे. तिथे सगळं नुसतं बोलणं. बोलण्याला ना समास, ना मथळे, ना पानांचे आकडे. आयुष्यभर ज्या माणसाने वाचणाऱ्याला कागदाच्या पल्याड ठेवलं, त्याच्या कानात वाचणारा थेट येऊन बोंबलणार, या कल्पनेने त्यांची झोप उडाली. खुर्ची टिकायलाच हवी होती. काहीही करून.

काहीही म्हणजे काय, तर रंग. कुठल्याशा व्याख्यानात त्यांच्या कानावर आलं होतं की लाल रंग नजरेत भरतो. ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण साहेबांनी ती सभेत अशी जाहीर केली, जणू लाल रंग त्यांनी स्वतः घरी तयार केला होता. "मुद्दा एक. यापुढे चौकटीतला इशारा लाल अक्षरांत. मुद्दा दोन. चौकटीचं शीर्षक मात्र काळंच, कारण शीर्षकं काळी असा जुना नियम आहे. मुद्दा तीन. टाळ्या नंतर."

टाळ्या कोणी वाजवणारच नव्हतं, तो भाग वेगळा.

एका प्रोग्रामरने तेवढ्यात विषय काढला. नव्या आवृत्तीत एक बदल होता. रोज सकाळी लाँड्रीवाला "नवा दिवस" हे बटण दाबायचा, ते पूर्वीसारखंच होतं. पण पूर्वी आदल्या दिवशीचे राहिलेले कपडे आपोआप पुढच्या दिवसात जायचे. आता त्याआधी "शिल्लक पुढे न्या" असं वेगळं बटण दाबावं लागणार होतं. नाही दाबलं तर राहिलेल्या कपड्यांचे टॅग कोरे, आणि कुठला कपडा कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तेव्हा हा इशारा आपण पडद्यावरही दाखवू या का, असं त्याचं म्हणणं.

साहेब हसले. शहाणा माणूस वेड्याकडे बघून हसतो तसं हसायला गेले, पण ते त्यांना जमत नसे. म्हणाले, एक गोष्ट एकाच जागी लिहायची, दोनदा लिहिलं की मांडणी बिघडते. इशारा पुस्तकात आहे, तोही लाल अक्षरांत, पडद्यावर नको. प्रोग्रामरला घरी जायची घाई होती. तो बरं म्हणाला.

मास्तरीणबाईंच्या मात्र ध्यानात आलं. त्यांनी तोंड उघडलं, "सर, लाल तर आपण छपाईआधी..."

साहेबांनी तळहात वर केला. "प्रश्न सभेच्या शेवटी, आणि लेखी."

बाईंनी तोंड मिटलं. मग हळूहळू त्यांच्या ओठांवर हसू आलं. "तुम्ही म्हणाल तसं, सर."

त्यांना लिहून देता आलं असतं. एक ओळ पुरली असती. पण मेलेल्या उंदरासारखं धरलेलं ते प्रकरण त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. छपाईच्या दिवशी त्यांनी नियमाप्रमाणे ती कळ दाबली, फाइलीतलं सगळं लाल पुसलं, आणि डबा खायला गेल्या.

साहेबांनी अंतिम प्रत तपासली नाही असं नाही. चांगली दिवसभर तपासली. पट्टी घेऊन समास मोजले, चौकटींच्या रेघा मोजल्या, मथळे एका रेषेत आहेत ना ते कागद डोळ्यांपाशी आडवा धरून बघितलं. फक्त वाचली नाही. त्यांचं म्हणणंच होतं की वाचायला बसलं की मांडणी दिसत नाही. पानं त्यांना यंदा फार मोकळी, हवेशीर वाटली. जाड काळ्या रेघांच्या चौकटी, त्यात वर ठळक काळ्या अक्षरांत "थांबा!", आणि खाली स्वच्छ पांढरी जागा. लाल शाई अजून यायची असेल, किंवा अशीच असेल, असलं काहीही त्यांच्या मनात आलं नाही. मनात एवढंच आलं, की देखणं झालंय.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ लाँड्री चालवायचा. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यातले डगले, नोकरदारांचे शर्ट. बिचाऱ्याचं कागदी पावत्यांवर छान चाललं होतं. पण घरात कुठे चार माणसं जमली की चौकटराव त्याला पकडायचे आणि अजून कागद वापरतोस म्हणून सगळ्यांदेखत लाजवायचे. शेवटी त्याने ते सॉफ्टवेअर घेतलं. नव्या आवृत्तीचं पहिलं पुस्तक साहेबांनी त्याला स्वतः नेऊन दिलं, पहिल्या पानावर सही करून. सही कोणी मागितली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. धापा टाकत बोलायची त्याला सवय होती, पण त्या दिवशी धाप खरी होती. दाजी, या, आत्ता या, काहीतरी भयंकर झालंय, एवढंच कळलं. साहेब निघाले ते काळजीने नाही, उत्साहाने. वापरणाऱ्याने कुठे घोळ घातला ते त्याला त्याच्याच पुस्तकात बोट ठेवून दाखवायचं, याहून मोठं सुख त्यांना माहीत नव्हतं.

लाँड्रीत शिरले तर पाय ठेवायला जागा नव्हती. वाफेने कोंदलेल्या त्या लांबट खोलीत जमिनीवर कपड्यांचा डोंगर. ड्रायरची दारं उघडी, इस्त्रीची टेबलं कपड्यांखाली गाडली गेलेली. चादरींत शर्ट, शर्टांत डगले. एक गिऱ्हाईक डोंगरात कमरेपर्यंत घुसून स्वतःची पँट शोधत होतं. दुसऱ्याने एक कोट अंगावर चढवून बघितला आणि तो आपला नाही असं कळूनही काढला नाही.

"दाजी, सकाळी 'नवा दिवस' दाबलं," मेहुणा म्हणाला, "आणि सगळे टॅग कोरे. हॉटेलवाला येऊन गेला. संध्याकाळपर्यंत चादरी नाही मिळाल्या तर दुसरीकडे देतो म्हणाला."

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "मुद्दा एक. पुस्तक वाचलंस?"

"वाचलं ना. समोर ठेवून केलं सगळं."

"मुद्दा दोन. टप्पा सहानंतर चौकट आहे, ती वाचलीस?"

"वाचली की. त्यात 'थांबा' लिहिलंय, तर थांबलो."

"मग?"

"मग काय मग? किती वेळ थांबायचं ते लिहिलेलंच नाही. चहा पिऊन आलो, तरी काही होईना. मग दाबलं."

साहेबांनी त्याच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. स्वतःची सही मागे टाकून ते पान काढलं. चौकट होती. रेघ नियमाप्रमाणे सगळ्यांत जाड होती. वर "थांबा!" होतं. आणि खाली, जिथे "आधी शिल्लक पुढे न्या हे बटण दाबा" असं असायला हवं होतं, तिथे मेहुण्याच्या अक्षरात पेन्सिलीने दूधवाल्याचा फोन नंबर लिहिला होता.

त्यांनी पुढची पानं उलटली. थांबा, कोरं. थांबा, कोरं. एकेक इशारा गळालेला, पुस्तकभर. लाल. सगळं लाल पुसा. दोन्ही नियम त्यांचे, दोन्हींखाली नाव त्यांचं, मध्ये दुसरं माणूस नाही. साहेबांना वाफेत घाम फुटला, आणि घामाबरोबर पलीकडची खोली डोळ्यांपुढे आली, ओळीने मांडलेली टेबलं, टांगलेला हेडफोन.

पुस्तक मिटून ते म्हणाले, "ही जागा तुमच्या नोंदींसाठी ठेवलेली असते. सोय म्हणून."

मेहुण्याने पुस्तक परत उघडलं. "नोंदींसाठी? मग वर 'थांबा' कशाला?"

"नोंद करण्यासाठी थांबा."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. माणूस जन्मात एकदा तरी हुशार होतोच, फक्त कशासाठी होतो ते बघायचं.

घरी बायकोला सगळं आधीच कळलं होतं. भावाने फोनवर रडून सांगितलं होतं, आणि चौकटीचंही सांगितलं होतं. तिने साहेबांना पाणीसुद्धा दिलं नाही. कंपनीचा एक रिवाज तिला ठाऊक होता, कारण साहेबच तो जेवताना मुद्देसूद सांगायचे: कंपनीकडे प्रत्येक लाँड्रीच्या माहितीची रोजची प्रत असते. चूक कंपनीची असेल तर ती प्रत पुन्हा चढवून देतात, टॅग होते तसे परत येतात. चूक वापरणाऱ्याची असेल तर नाही. प्रत आठवडाभर ठेवतात, मग पुसतात.

"अहो, एवढंच सांगायचंय," ती म्हणाली. "पुस्तकात चूक झाली. चार शब्द. तेवढ्यावर माझ्या भावाचा धंदा वाचतो."

"तेवढ्यावर माझी खुर्ची जाते."

"जाऊ दे की. फोनवर बसाल. लोक बसतातच ना?"

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिने त्यांना भर रस्त्यात सदरा काढायला सांगितलं होतं. मग मुद्दा एक, मुद्दा दोन सुरू झाले: नातं आणि कचेरी यांत अंतर हवं, एकाला सवलत दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, शिवाय मेहुण्याने चहाला जायला नको होतं. बायको मध्येच उठली आणि पिशवीत चार कपडे कोंबून भावाकडे कपडे निवडायला निघून गेली. जाताना म्हणाली, "टीप: फ्रीजमध्ये काही नाही."

एव्हाना हेल्पलाइनच्या खोलीत आग्यामोहोळ उठलं होतं. लाँड्री लाँड्रीत "नवा दिवस" उजाडला होता आणि गावोगाव लोक एकमेकांच्या पँटी घालून फिरत होते. मॅडमनी साहेबांना आणि मास्तरीणबाईंना आत बोलावलं. टेबलावर पुस्तक उघडं होतं, तेच पान.

"हे कोरं का आहे?"

साहेब रात्रभर तयारी करून आले होते. वापरणाऱ्यांच्या नोंदींसाठी मुद्दाम सोडलेली जागा, आधुनिक पद्धत, पुस्तकाशी वाचणाऱ्याची जवळीक वाढते, वगैरे. इशारे प्रशिक्षणात तोंडी सांगायचे असतात, लाँड्रीवाल्यांनी लक्ष दिलं नाही. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते पटत गेलं, आणि शेवटी तर त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही आला.

मॅडम मूर्ख नव्हत्या, हेच तर वाईट. त्यांनी बाईंकडे मान वळवली. बाईंना खरं सांगायचं तर कळ कोणी दाबली तेही सांगावं लागलं असतं. बाई गोड हसल्या. "सर म्हणतात तसंच आहे, मॅडम."

मॅडमनी मनात हिशेब केला. चूक आपली म्हटलं तर सगळ्या लाँड्र्यांच्या प्रती चढवत बसायच्या, प्रोग्रामर अडकणार, नाव जाणार. चूक त्यांची म्हटलं तर काहीच करायचं नाही. काहीच न करणं नेहमीच स्वस्त असतं. त्यांनी पुस्तक मिटलं. "ठीक. नोंदींसाठी जागा. तसं नियमावलीत लिहून ठेवा, मागची तारीख टाकून. कळतंय ना?"

साहेबांनी त्याच दिवशी नियम लिहिला. त्याला नावही दिलं: नोंदचौकट.

आठवडा उलटला, प्रती पुसल्या गेल्या. हॉटेलवाल्याने चादरी दुसरीकडे दिल्या, मग दवाखान्यानेही. मेहुण्याने लाँड्रीचा पुढचा अर्धा गाळा एका चप्पलवाल्याला भाड्याने दिला, मागच्या अर्ध्यात इस्त्री चालू ठेवली आणि टॅगऐवजी कपड्यांना रंगीत दोरे बांधू लागला. सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर त्याने चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. बायको परत आली ती घर तिचंही होतं म्हणून. साहेबांशी ती कामापुरतं बोलायची, तेही दुसऱ्याच कोणाला सांगितल्यासारखं, भिंतीकडे बघून.

आणि मग फोन कमी होऊ लागले. आधी हळू, मग भराभर. दोरे बांधणारे मेहुणे गावोगाव होते. ज्यांनी सॉफ्टवेअर माळ्यावर टाकलं ते कशाला फोन करतील? हेल्पलाइनच्या मुली नखं रंगवत बसल्या, मग पेंगत बसल्या. तीन महिने भरले तेव्हा फोन निम्म्याच्या खूपच खाली आले होते.

साहेबांनी त्याचा आलेख काढला. उतरती रेघ, ठळक. शीर्षक काळं. केबिनमध्ये मॅडमपुढे तो ठेवताना त्यांनी तो टेबलाच्या कडेला समांतर लावला. लाँड्रीवाल्यांनी सॉफ्टवेअरची वर्गणी वर्षाची आगाऊ भरलेली, त्यामुळे गिऱ्हाईक गेलंय हे कळायला अजून अवकाश होता. मॅडमना ते आजच कळलं होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

"छान," त्या म्हणाल्या. "बोलले होते तसं विभाग तुमचा, खुर्ची कायमची तुमची. फोनच येत नाहीत, तेव्हा मुलींना मी घरी पाठवतेय. उरलेसुरले फोन आता तुमच्याकडे येतील. खुर्ची तिकडे हलवून घ्या. फोनवर बोललेलं सगळं रेकॉर्ड होतं, मी ऐकत असते. कळतंय ना?"

अशी साहेबांची खुर्ची पलीकडच्या खोलीत गेली. शिपायाने ती ढकलत नेली, साहेब मागून चालत गेले. मास्तरीणबाईंनी दार उघडून धरलं होतं. ओळीने मांडलेल्या त्या सगळ्या टेबलांमध्ये साहेब एकटे बसले, दाराकडे तोंड करून, म्हणजे कोणी आलं तर प्रमुखासारखं दिसावं. हेडफोन त्यांनी बराच वेळ कानाला लावला नाही. गळ्यात अडकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बाईमाणूस होतं. नवीनच लाँड्री काढलीय म्हणाली, नवऱ्याची नोकरी गेली म्हणून दोघांनी मिळून. एका शाळेच्या वसतिगृहाचे सगळे कपडे काल पहिल्यांदाच आलेत, आज पहिली सकाळ म्हणाली आणि हसली. पुस्तक समोर आहे, चित्रं छान आहेत. "फक्त एक विचारायचं होतं, साहेब. हे 'नवा दिवस' दाबायच्या आधी दुसरं काही करायचं असतं का? नाही म्हणजे, उगाच आपलं वाटतंय."

साहेबांना उत्तर पाठ होतं. चार शब्द, एक बटण. त्यांनी तोंडही उघडलं. समोर टेलिफोनच्या पेटीवर रेकॉर्डिंगचा छोटा दिवा लुकलुकत होता. हे वाक्य तोंडातून गेलं की ते पुस्तकात का नाही, असा प्रश्न येणार, आणि तो प्रश्न सरळ खुर्चीपर्यंत जाणार.

"पुस्तकात जेवढं आहे तेवढंच करायचं," साहेब म्हणाले.

"म्हणजे दाबू?"

"पुस्तकात जेवढं आहे तेवढंच."

"बरं बाई. विचारलेलं बरं असतं," ती म्हणाली. मग मनापासून त्यांचे आभार मानले, आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगितलं, दाबा हो, साहेब म्हणतायत बरोबर आहे.